डाव्या हाताची रायफल

"अप्पा, बोल्ट द्या," मी हात पुढे केला.

टेबलावर माझी रायफल पेटीतून काढून ठेवली होती. टेबलापलीकडे लाल मिशांचा एक अधिकारी परवान्यावरचा नंबर रायफलीवरच्या नंबराशी ताडून बघत होता. अप्पांनी आपल्या बॅगेत एक हात घातला. मग दुसरा घातला. मग ते खाली बसले आणि एकेक वस्तू फरशीवर मांडू लागले. मफलर, चिवड्याचा डबा, दाढीचं सामान, लोकरीचे मोजे, लिंबाच्या लोणच्याची बाटली. बॅग रिकामी झाली तेव्हा त्यांनी ती उलटी करून झटकली. त्यातून सुपारीचं एक खांड पडलं.

"कपाटात राहिला," ते म्हणाले.

"कुठल्या कपाटात?"

"माझ्या. विट्याला."

आम्ही उभे होतो स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर. साल शहाण्णव. समुद्राला लागून एक लांबच लांब गवताळ मैदान होतं. एका टोकाला नेमबाजांनी पालथं झोपायची जागा आणि दुसऱ्या टोकाला, हजार यार्डांवर, टार्गेटांची रांग. हजार यार्ड म्हणजे आमच्या घरापासून एसटी स्टँडपर्यंतचं अंतर. भारतात मी तीनशे मीटरपलीकडे कधी गोळी झाडली नव्हती, कारण एवढं लांब मैदान आमच्यासारख्यांच्या वाट्याला येत नाही. एकतीस वर्षांची मी, एका मुलाची आई, हायस्कुलात पीटीची बाई. असं आमंत्रण पुन्हा येणार नाही हे मला चांगलं माहीत होतं. रायफल आली होती, मी आले होते, गोळ्या इथेच मिळणार होत्या. आणि बोल्ट विट्याला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रायफलीत मागून सरकवायचा, गोळी नळीत ढकलणारा आणि तिच्या बुडाला ठोका देणारा पोलादी दांडा म्हणजे बोल्ट. तो नसेल तर रायफल फार तर काठी म्हणून वापरता येते.

अप्पा म्हणजे माझे सासरे, मेजर यशवंतराव पिसाळ. कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि एनसीसीचे अधिकारी होते. त्यांची सून होण्याआधी मी त्यांची कॅडेट होते. मी डावखुरी, म्हणून हवालदारापासून सगळे माझा खांदा बदलायला बघायचे. अप्पांनी एकदाच येऊन सांगितलं, "जिकडून दिसतं तिकडून बघू दे तिला." पुढे मुलगी बघायला आमच्याकडे आले तेव्हा मुलानं मला काहीच विचारलं नाही. कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन सासऱ्यांनीच विचारलं, "नेम अजून डावीकडूनच ना?" मी हो म्हणाले आणि लग्न ठरलं.

डाव्या हाताची रायफल मिळवायला आम्हाला काही वर्षं लागली. ती घरात आली त्या दिवशी अप्पांनी नियम केला. रायफल माझ्या कपाटात, बोल्ट त्यांच्या कपाटात. घरात लहान मूल आहे, दोन्ही वस्तू एका जागी रात्र काढणार नाहीत. हा नियम त्यांनी इतका पाळला की शेवटी त्यानंच आमचा घात केला. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बोल्ट बॅगेत भरला होता. झोपायला जाताना त्यांच्या मनात आलं की बॅग तर बाहेरच्या खोलीत पडणार. म्हणून बोल्ट काढून पुन्हा कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. सकाळी घ्यायचाच होता. पण सकाळी गावकरी आले. आम्ही अजून गावाची वेससुद्धा ओलांडली नव्हती, तरी आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. नगराध्यक्षांनी मला साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला लोळवायला सांगितलं. त्या गडबडीत कपाट राहिलं. विमानतळावर अप्पा ज्याला त्याला बजावून सांगत होते की नियमाप्रमाणे बोल्ट दुसऱ्या बॅगेत आहे. ते इतक्या ठामपणे सांगायचे की कुणाला शंकाच आली नाही. मलाही नाही.

मैदानाच्या ऑफिसातून मी घरी फोन लावला. माझे यजमान प्रताप साखर कारखान्यात केमिस्ट होते. ते नुकतेच कामावरून आले होते.

"अहो, अप्पांचं कपाट उघडा जरा."

"किल्ली कुठंय?"

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर धरली.

"राहू दे," मी म्हणाले. "बाळाला सर्दी आहे का अजून?"

कुलूप फोडून बोल्ट पाठवला असता तरी परवाने आणि पार्सल यांत आठवडा गेला असता. सामना दुसऱ्या दिवशी दुपारी होता. लाल मिशांच्या त्या अधिकाऱ्याला मी विचारलं की दुसऱ्या कुणाचा बोल्ट माझ्या रायफलीत चालेल का. तो भला माणूस होता. म्हणाला, मोजून तपासल्याशिवाय दुसऱ्याचा बोल्ट घालू देणार नाही, डोळा जाईल. शिवाय डावखुऱ्या रायफलीचा बोल्ट आणायचा कुठून? भाड्यानं द्यायच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. त्यातलीच एक त्यानं मला सरावासाठी दिली.

ती घेऊन मी दुपारी मैदानावर पालथी झोपले. गालाखालचा लाकडी उंचवटा चुकीच्या बाजूला. प्रत्येक गोळीनंतर रायफलीवरून हात पलीकडे टाकून बोल्ट ओढावा लागे, की कोपर हललं आणि बसलेली मांड मोडली. सहाशे यार्डांवरच माझ्या गोळ्या टार्गेटच्या कडेकडेनं जायला लागल्या. हजारावर तर त्या मातीतच गेल्या असत्या. शेजारी झोपलेला वेल्समधला ह्यू नावाचा एक तरुण मला धीर द्यायला म्हणाला, "वाईट नाही हं." माणूस वाईट नाही म्हणाला की काय समजायचं ते मी समजले.

मी उठून बसले आणि अप्पांना म्हणाले, "आता काही होत नाही. उद्या आपण बघायला बसू."

अप्पांनी डोक्यावरची कॅप नीट केली. आल्यापासून ते फारसं बोललेच नव्हते. चूक झाली, माफ कर, असं काही ते म्हणतील अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी तापट आहे, राग मनात ठेवत नाही. पण त्या वेळी मला रागापेक्षा रडू जास्त येत होतं, आणि ते त्यांच्यासमोर नको होतं. मी चटई गुंडाळायला लागले. मान वर केली तेव्हा अप्पा शेजारी नव्हते.

ते मला दिसले रांगेच्या अगदी पलीकडच्या टोकाला. एका नेमबाजाजवळ उभे होते. डोक्यावरची कॅप काढून हातात धरली होती. तो माणूस मान हलवत होता. अप्पा त्याला वाकून काहीतरी म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे गेले. पुन्हा कॅप हातात. तोही मान हलवायला लागला. मग त्याच्या पुढचा.

इथे मला अप्पांविषयी थोडं जास्त सांगायला पाहिजे. हा माणूस कुणाकडे कधी काही मागत नसे. कॉलेजच्या क्वार्टर्स रिकाम्या पडल्या होत्या, प्राचार्य मित्र होते, तरी अर्ज केला नाही. अर्ज म्हणजे सुद्धा मागणंच, असं म्हणायचे. प्रतापच्या नोकरीच्या वेळी कारखान्याचे चेअरमन त्यांचेच विद्यार्थी निघाले, तेव्हा अप्पांनी त्या रस्त्यानं जाणंच सोडलं. विमानात सगळ्यांना पांघरूण मिळालं, यांच्या सीटवर नेमकं नव्हतं. मी बाईला हाक मारायला लागले तर म्हणाले, "राहू दे. तिच्या लक्षात येईल." तिच्या लक्षात आलं नाही आणि अप्पा मफलर गुंडाळून कुडकुडत आले. सासूबाई हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, "यांना भूक लागली तर हे सांगत नाहीत, तोंडावरून ओळखावं लागतं."

तो माणूस कॅप हातात घेऊन रांगेतल्या एकेकापुढे उभा राहत होता. काही जण आपली रायफल उचलून दाखवायचे, म्हणजे घ्या की, पण उजव्या हाताची आहे. अप्पा आभार मानून पुढे सरकायचे. त्यांचं इंग्रजी पुस्तकी होतं, आवाज वर्गात शिकवल्यासारखा, एवढ्या लांबून शब्द कळत नव्हते. मला तिथे जाऊन त्यांना हाताला धरून परत आणावंसं वाटलं. पण गेले नाही. चटई काखेत धरून मी बघत राहिले.

संध्याकाळी कँटीनमध्ये ते उशिरा आले. मी विचारलं, "काही जमलं?"

"बघू," अप्पा म्हणाले आणि सूप प्यायला लागले. सूप गार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लाकडी खोल्यांपुढच्या फळीवर कुणाचे तरी बूट वाजले. दार उघडलं तर एक उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ लांब पेटी घेऊन उभे होते.

"पेटी," ते म्हणाले. मला वाटलं ते पेटीविषयी बोलतायत. पण ते त्यांचं आडनाव होतं. गॉर्डन पेटी, दातांचे डॉक्टर. "तुम्ही डावखुऱ्या आहात असं मला सांगण्यात आलंय."

"हो."

"मीही. या मैदानावर या वर्षी आपण दोघंच." त्यांनी पेटी उघडली. आत डाव्या हाताची रायफल होती, जपलेली, तेल पुसलेली, दस्त्याचं लाकूड गालाच्या घामानं काळसर झालेलं. "मी पहिल्या तुकडीत खेळतो, तुम्ही तिसऱ्या. मधल्या वेळात नळी गार होईल. मी मागे बसून तुमचे गुण लिहीन. रायफल मी नजरेआड करत नाही. बाकी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही ते सांगतो, ऐकाल ना?"

मी ऐकलं. त्यांनी मला तासभर मैदानाच्या कडेला नेऊन घोड्याची ओढ, दस्त्याची लांबी, नेम डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या खटक्यांचे फेर, सगळं समजावून दिलं. रोग्याला खुर्चीत बसवून बोलतात तसं अगदी हळू बोलायचे. मी त्यांना पुन्हा पुन्हा थँक्यू म्हणत होते. ते हात झटकायचे, जसं काही मी चुकीच्या माणसाचे आभार मानतेय.

"माझे सासरे कुठे दिसले का तुम्हाला?" मी विचारलं. अप्पा सकाळच्या चहालाही नव्हते.

"दिसले," पेटी म्हणाले. "त्यांनी निरोप दिलाय. आधी खेळ, मग बोलू."

हा निरोप अगदी अप्पांचा होता. तरी मी खट्टू झाले. विट्याहून इथवर ज्यांनी मला आणलं, ते ऐन वेळी तोंड लपवून खोलीत बसले असं मला वाटलं. त्यांना लाज वाटत असणार, मला समजत होतं. पण मला ते मागे बसलेले हवे होते. माझ्या प्रत्येक सामन्यात ते मागे असत. काही बोलत नसत, फक्त घसा खाकरत. त्या खाकरण्यावरून मला कळायचं की गोळी कशी गेली.

दुपारी तिसऱ्या तुकडीला हाक आली. जाकीट घातलं, पट्टा दंडाला आवळला, चटईवर पालथी झाले. वारा समुद्राकडून येत होता. मैदानभर झेंडे लावलेले होते, जवळचे एका बाजूला फडफडत होते आणि लांबचे भलतीकडेच. दुर्बिणीतून पाहिलं तर टार्गेटांपुढची हवा वाहत्या पाण्यासारखी हलत होती.

लांब पल्ल्याच्या या खेळाची एक रीत आहे. टार्गेटांच्या खाली खोल खंदक असतो, आणि त्यात माणसं असतात. गोळी टार्गेटमधून गेली की खालचा माणूस लोखंडी चौकट ओढून टार्गेट खाली घेतो, भोकात रंगीत चकती खोचतो, जुनं भोक कागदानं चिकटवतो आणि टार्गेट पुन्हा वर ढकलतो. तेव्हा कुठे आपल्याला कळतं की गोळी कुठे लागली. प्रत्येक गोळीला हे सगळं. आणि ही माणसं पगारी नसतात. नेमबाजच आपापल्या पाळीनं खंदकात उतरतात. डॉक्टर असो, जमीनदार असो, पाळी चुकत नाही.

पहिल्या दोन गोळ्या अंदाज घ्यायच्या, त्या गुणांत धरत नाहीत. माझी पहिली गोळी सुटली. रायफल खांद्यात नीट बसली, गालाखाली लाकूड हवं तिथं आलं. टार्गेट खाली गेलं, वर आलं. चकती उजव्या कडेला होती.

"वाऱ्यानं नेली," मागून पेटी शांतपणे म्हणाले. "तुम्ही नाही."

मी खटके फिरवले. दुसरी आत आली. मग मोजायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मी हळूहळू बाकी सगळं विसरले. बोल्ट मागे, गोळी आत, बोल्ट पुढे, झेंड्याकडे नजर, श्वास अर्धा सोडायचा आणि थांबायचं. हजार यार्डांवर ते काळं वर्तुळ टाचणीच्या डोक्याएवढं दिसतं. पण ते दिसत होतं, आणि माझ्या गोळ्या तिथे जात होत्या. सगळ्या मध्यात नाही. दोनदा वाऱ्यानं मला फसवलं, एकदा मी स्वतःच घाई केली. पण जात होत्या. आयुष्यात तेवढ्या लांब मी कधी पोचले नव्हते.

शेजारच्या टार्गेटवर ह्यू खेळत होता आणि चिडला होता. त्याचं टार्गेट खाली गेलं की वर यायला फार वेळ लागायचा. एवढ्यात वारा बदलायचा.

"नऊ नंबरला खाली कोण बसलंय?" तो मागच्या माणसाला म्हणाला. "झोपलाय काय? फोन करा खंदकात."

फोन गेला. त्यानंतर नऊ नंबरचं टार्गेट झटक्यात वर आलं. दोन-तीन गोळ्या ते असंच झटक्यात येत राहिलं, मग पुन्हा हळू झालं. मला हसू आलं. कोण म्हातारा बसलाय कुणास ठाऊक, असं मनात आलं आणि मी पुन्हा माझ्या झेंड्यांकडे बघायला लागले.

शेवटची गोळी झाडली तेव्हा वारा एकदम पडला होता. टार्गेट वर आलं. चकती काळ्या वर्तुळाच्या अगदी मध्ये. मागून पेटींनी मोठ्यानं गुण वाचले, तशी रीतच आहे, आणि मग माझी एकूण बेरीज वाचली. जिंकण्याएवढी नव्हती. पण पहिल्यांदाच हजारावर आलेल्या नवख्यांमध्ये ती त्या दिवशी सगळ्यात वर राहिली. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी कपाळ चटईवर टेकून तशीच पडून राहिले.

उठल्यावर मी पेटींचा हात हातात घेतला. "तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"माझे नाहीत," ते म्हणाले. "मी तर काल नाही म्हणालो होतो."

"नाही म्हणालात?"

"दोनदा. मी त्यांना सांगितलं, रायफल मी उसनी देत नाही, दिली तर जवळ बसल्याशिवाय नाही, आणि तिसऱ्या तुकडीला माझी खंदकातली पाळी आहे. ते गेले. थोड्या वेळानं परत आले. मी पुन्हा तेच सांगितलं. मग ते म्हणाले..." पेटींनी गुणांची वही मिटली. "ते म्हणाले, मला मागायची सवय नाही. तुमच्याकडे कसं मागतात ते मला माहीत नाही. तुम्ही सांगा, मी तसं मागतो."

मी त्यांचा हात सोडला.

"अशा माणसाला काय उत्तर द्यायचं? मी म्हणालो, इथं पाळी बदलून मागता येते. ते म्हणाले, मग मी मागतो. मी त्यांना सांगितलं की तुमच्या सुनेचा खेळ तुम्हाला दिसणार नाही, दुसरं कुणी बघतो. ते म्हणाले, नको, विसरलो मी आहे, पाळी माझी."

"म्हणजे अप्पा..."

"नऊ नंबरवर," पेटी म्हणाले. "तुमच्या टार्गेटवर बसू दिलं नसतं, नातेवाइकाच्या टार्गेटवर बसायची मनाई आहे. म्हणून शेजारी."

खंदकातल्या माणसांना घेऊन ट्रॅक्टर मैदानातून येत होता. मागच्या ट्रॉलीत फळ्यांवर माणसं बसली होती. त्यांच्यात अप्पा होते. कॅप कानांपर्यंत ओढलेली, कोटाच्या बाह्यांना खळ लागलेली, मिशीला कागदाचा कपटा चिकटलेला. ट्रॅक्टर थांबला. ते उतरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "किती?"

मी सांगितलं.

"शेवटची?"

"मध्ये."

अप्पांनी घसा खाकरला. एवढंच.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, मी तशीच आहे. "एवढ्या लांब आलात ते माझा खेळ बघायला, आणि खड्ड्यात जाऊन बसलात?"

"सांगितलं असतं तर तू खेळली असतीस का?"

"नसते."

"मग," अप्पा म्हणाले. "आणि काही दिसलं नाही असं नाही. वरून गोळी गेली की कानाशी चाबूक मारल्यासारखा आवाज होतो. तुझं टार्गेट हाताच्या अंतरावर होतं. आवाज झाला की मी बाजूच्या माणसाचं तोंड बघायचो. तो हसला की समजायचं, चांगली गेली. पुष्कळदा हसला."

तेवढ्यात ह्यू लांब ढांगा टाकत आला. "नऊ नंबरला कोण होतं?" त्यानं ट्रॉलीतल्या लोकांना विचारलं.

"मी होतो," अप्पा इंग्रजीत म्हणाले. "चौकट जड होती. तुम्हाला त्रास झाला."

ह्यूनं त्यांच्या पांढऱ्या मिशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यानं हात पुढे केला. अप्पांनी तो धरला आणि त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज आला. मी त्यांचा हात उलटा करून बघितला. तळव्यावरचे फोड फुटले होते. दुसऱ्या हाताचंही तेच. आयुष्यभर खडू धरलेले हात ते, गंजक्या लोखंडाशी दुपारभर झटत होते. वरून फोन आला तेव्हा त्यांनी जोर लावून घाई केली होती, आणि मी वर पडल्या पडल्या हसले होते.

पेटींनी त्यांना खुर्चीवर बसवलं, औषधाची पेटी मागवली आणि दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. "दात असते तर जास्त नीट केलं असतं," ते म्हणाले. अप्पा हसले. स्कॉटलंडात आल्यापासून पहिल्यांदाच हसले.

मला नवख्यांचं बक्षीस म्हणून एक चांदीचा छोटा चमचा मिळाला. ते बक्षीस बघून विट्यात लोकांना काय वाटलं ते मी इथे सांगत नाही. पुढे मी अनेक वर्षं खेळले, आता मुलींना शिकवते. शिकवताना वारा, झेंडे, श्वास सगळं समजावून सांगते. त्या दुपारचं मात्र फारसं बोलत नाही. अप्पांना जाऊन आता बारा वर्षं झाली. माझ्या आईवडिलांनी मला पुष्कळ दिलं, नवऱ्यानं साथ दिली, अनोळखी देशातल्या माणसानं जिवापलीकडे जपलेली रायफल हातात दिली. या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण माझ्यासाठी म्हणून जो माणूस म्हातारपणी मागायला शिकला, त्याचं ऋण मला मोजता येत नाही. त्या रात्रीचं जेवण मला अजून आठवतं.

जेवण लांबलचक टेबलांवर होतं. सूर्य अजून मावळला नव्हता, खिडकीतून समुद्र दिसत होता. अप्पांच्या एका बाजूला मी, समोर पेटी आणि ह्यू. भाजलेलं मटण आणि उकडलेले बटाटे वाढले. सगळे काटेचमचे उचलून जेवायला लागले. अप्पांनी पट्ट्या बांधलेल्या हातात सुरी धरून बघितली, ती निसटली. दुसऱ्यांदा धरली, पुन्हा निसटली. ह्यू उठायला लागला तेव्हा पेटींनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला बसवलं. मीही हात आवरून धरला. अप्पांच्या लक्षात येऊ न देता मदत करायची सवय घरात सगळ्यांना होती, आणि त्यांना ती कळली की ते चिडायचे, हेही माहीत होतं.

अप्पांनी सुरी ताटात ठेवली. मग ते ताट पट्टीच्या हातानं हळूच माझ्याकडे सरकवलं.

"उज्ज्वला," ते म्हणाले, "एवढं कापून दे गं मला."

मी ताट ओढून घेतलं आणि मटणाचे तुकडे करायला लागले. डोळे भरल्यामुळे मला सुरी धड दिसत नव्हती.

"अजून बारीक करू?"

"पुरे एवढे," अप्पा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बटाटा पण कर."